जिन्याखालची गाडी

सांगाडा शीळफाट्याचा.
शमीमभाईंच्या गोदामात मडगार्डच्या ढिगाखाली
उताणा पडला होता,
दोन्ही अंगांना दुधाच्या कॅनच्या कड्यांनी
घासून घासून उजळलेला.
वजनावर घेतला, अठरा किलो.
कागदांचे वेगळे. कागदावर नाव
कुणा वाळकू गोमा पाटलाचं, साल एकोणनव्वद.

पुढचे शॉक दुसऱ्याचे,
टाकी तिसऱ्याची,
कार्ब्युरेटर कळव्याच्या गॅरेजवाल्यानं
"चालला तर पैसे दे" म्हणून दिलेला.
चालवून दाखवते म्हटलं
तर हसला, मिशीतल्या मिशीत.

दिवसा मी रबाळ्याला, एमआयडीसीत,
व्हर्नियर घेऊन बसते.
दुसऱ्यांनी घडवलेला बुश
केसभर चुकला की लाल खडूची फुली.
रात्री घणसोली गावठाणातल्या या जिन्याखाली
माझं मलाच चुकतं
आणि फुली मारायला कुणी नसतं.

सासूबाई उंबऱ्यात बसून सुका जवळा निवडतात.
"काय गो, कवरा यो भंगार!
नवी घे ना हप्त्यावर."
मग थोड्या वेळानं एक रिकामा डबा
पायानं माझ्याकडे सरकवतात,
"नटं ठेव त्याच्यान."
माझ्या वॉशरांना अजून जवळ्याचा वास येतो.

टाकी घासायला घेतली.
वर काळा. काळ्याखाली लांबी.
लांबीखाली पोपटी,
(हा रंग कुणी आपणहून निवडला असेल?)
पोपटीखाली तांबडा, आणि तांबड्यावर
ब्रशनं काढलेलं
"…ई प्रसन्न".
आधीचं सगळं लांबीत गेलेलं.
दोन रात्री पॉलिश पेपर तसाच पडून राहिला.
शेवटी तेवढ्यावर पारदर्शक लॅकर मारला.
सासूबाई येता-जाता टाकीला हात लावून
कपाळाला लावतात.
कुठली आई, विचारत नाहीत.

बेअरिंगचं मात्र सांगायलाच हवं.
ते केसिंगमध्ये बसेना.
हातोडीनं बसतं, बसत नाही असं नाही,
पण मग जन्मभर कुरकुरतं.
म्हणून बेअरिंग पिशवीत बांधून
फ्रीजरमध्ये, सुरमईच्या तुकड्यांशेजारी, रात्रभर.
आणि सकाळी केसिंग
भाकरीच्या तव्यावर, मंद आचेवर,
पाण्याचा थेंब नाचेपर्यंत.
नेत्रा टॉर्च धरून. बारा वर्षांची.
"डोळ्यात नको गं, भोकावर मार."
मी चिमट्यातलं बेअरिंग नुसतं सोडलं.

टक्.

एवढंच.
एक आकसलेलं, एक फुललेलं,
आणि मधे दोन-तीन सेकंद.
नेत्रा म्हणाली, "परत कर ना."
परत नाही होत ते.
तवा तेव्हापासून जिन्याखालीच असतो.

मग क्लच केबल आखूड निघाली,
मग पाऊण महिना ओव्हरटाइम,
मग नेत्राची परीक्षा,
मग गणपती.

चाळिसाव्या किकला पोटरी सोलवटली
आणि ती एकदा खोकली.
एकेचाळिसाव्याला धरली.
आधी पांढरा धूर, मग निळा,
वरच्या गच्चीत साड्या वाळत घालणारी हर्षला
"अगं माझ्या साड्या!" म्हणून ओरडली
आणि तशीच कठड्यावरून वाकून बघत राहिली.
जिना थरथरला. सासूबाईंनी कानावर पदर घेतला,
पण उठल्या नाहीत.
जवळ्याच्या डब्यातले दोन वॉशर
नाचत नाचत कडेला आले.

दोन.

उरले कसे?
सगळे मोजून लावले होते.
दोन इथे उरलेत म्हणजे
आत कुठेतरी दोन नाहीत.
मी वाकले, टाकीवर हात ठेवला,
हाताला सगळी गाडी लागली,
वाळकू गोमाच्या दुधाच्या खेपांसकट,
आणि त्या सगळ्यात कुठेतरी खोल
एक बारीक, चुकार खुळखुळ.

अकरा मिनिटं चालली.
मीच बंद केली.

गल्लीत एकदम दुपार झाली.
मी दहाचा पाना शोधत होते तोवर
नेत्रानं टॉर्च उचलला,
लख्ख उन्हात,
आणि न सांगता
नटावर धरला.